खोकला अंजनाचा, खाट लंडनची

...अन् वरून मलेच इचारतात, "तुळसाबाई, इलायतेहून काय आनलं?" काय आनलं! येऊन एवढे दिवस झाले तरी जो भेटते तो हेच. मी काय पोहरादेवीच्या जत्रेहून आली का तुमच्या पोट्ट्यायसाठी पिपान्या घेऊन येऊ? दोन सालं लंडनात काढली बापा, दोन सालं, अन् या इंझोरीतल्या एका मानसानं, एकानं तरी असं इचारलं का, "बाई, तू तिथं केलं काय?" नाही इचारलं ते बरंच झालं म्हना. इचारलं असतं तर सांगा लागलं असतं. पन आज सांगूनच टाकते, कारन पोटात ठेवून ठेवून गोळा उठून राह्यला, अन् त्या गोळ्यावर औषध ना इथं आहे ना तिथं. हसाचं असन तर हसा. पन मधात बोलू नका. मी चौथी पास बाई आहे, धागा तुटला का मी पयल्यापासून सांगत असते.

तर गेली कायले, इथून धरा. आमचं माळ्याचं घर, तुमाले माहीतच आहे... वांगे, मेथी, कांद्याची पात. बाजाराच्या दिवशी कारंज्याले बैलगाडीनं माल न्यायचा अन् तिथल्या एका वकिलाच्या घरी मी भाजी टाकायची. त्या वकिलाची लेक ललिताबाई. तिले नागपूरले देल्ली, तिचा नवरा मोठा साहेब, अन् त्या साहेबाची बदली झाली थेट लंडनले, आपल्या देशाच्या कचेरीत. अन् ललिताबाईले जुळ्या पोरी, दीड सालाच्या. एक रडली का दुसरी रडे, दुसरी झोपली का पयली उठे. ललिताबाई मले म्हने, "तुळसाबाई, चला ना हो माझ्याबरोबर. परक्या देशात मला कोण आहे?"

मी बिनमालकाची बाई. मालक जाऊन दहा सालं झाले, लेकरू नाही, बाळ नाही. घरी कोन? सासू, देर रंगराव अन् रंगरावची बायको अंजना. लोक म्हनतात तुळसाबाई हिमतीची, समुद्र ओलांडून गेली! हिमत कसली डोंबलाची? खरं सांगू? मले अंजनापासून सुटका पाह्यजे होती.

कारन ते पोरगी खोकले. दिवसभर खोकले. अंगानं काडीवानी, अन् खोकला असा का भिंतीचा पोपडा पडावा. वांगे तोडाले लावली, दोन ओळी झाल्या का खोकला. पानी ओढाले लावली, खोकला. चुलीपाशी बसवली, खोकला. मी म्हनो, "हा खोकला लय हुशार आहे वं बाई, बरोबर काम पाहून येते!" सासू म्हने, "असन वं तिले काही." मी म्हनो, "काही नाही, नाटक आहे. माह्या आंगाले कवा झालं का असं? मी नाही खोकलली, मालक मेला तवा सुद्धा तिसऱ्या दिवशी वावरात होती!" अन् एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं... पन संध्याकाळी ओट्यावर बाया जमल्या का मी अंजनाची नक्कल करो. आता कायले खोटं बोलू, इथं बसेल तुमच्यातल्या चार जनींनी ते पाह्यली आहे, पदरात तोंड घालू नका! एक हात कमरेवर, मान अशी उलीशी वाकडी, पयले दोन बारीक, खुक्, खुक्... मंग एक लंबा, बुडापासून, जीव ओढून... अन् शेवटी पदर तोंडाले. बाया लोटपोट! "पुन्हा कर वं तुळसा, पुन्हा कर!" अन् अंजना आतून आयके. आतच तर राहे ते.

निघाच्या दिवशी ते माह्या पाया पडाले आली. वाकली अन् खोकलली. मी गाडीत बसता बसता काय म्हटलं असन? म्हटलं, "आता कोनासाठी करतं वं? मी तर चालली!"

हे बोलून बाई लंडनले गेली. घ्या!

आता लंडन म्हंजे तुमाले वाटत असन सोन्याचं. तिथं रेशन होतं बापा! हाव, रेशन! लढाई संपून चार-पाच सालं झालते तरी साखरेले कार्ड, लोन्याले कार्ड, अंडं हप्त्याचं एखादं भेटलं तर भेटलं. मी हे इथं सांगतलं तर आपले लोक म्हनतात, "राजाच्या गावात रेशन? बाई फेकून राह्यली." फेकाले मले काय पडलं? अन् थंडी! थंडी असी का पयला हिवाळा कसातरी काढला, पन दुसऱ्यात माह्या हाताची बोटं वांग्यावानी झाली. सुजून जांभळी, चकाचक, नुसता देठ लावाचा बाकी. ललिताबाई म्हने, "चला, डॉक्टरला दाखवू." मी म्हटलं, राहू द्या, लंडनचा डाक्टर म्हंजे माहा मळा विकला जाईन. ते हसली. "अहो, इथे सरकारच डॉक्टरचं बघतं. तुम्हाला काही द्यायचं नाही."

मले पटते का? मी कमरेले पिशवी बांधूनच गेली. तिथं डाक्टरच्या घरातच खालच्या खोलीत बाकं. एका बाकावर केसाळ कोटवाली एक जाडी बाई, तिच्या बाजूले कोळसेवाला, तोंड असं काळं का नुसते डोळे दिसे, अन् त्याच्या बाजूले मी, इंझोरीची तुळसा. तिघं एकाच बाकावर! अन् कोनी कोनाले ढकलत नाही, "मले ओळखत नाही का" म्हनत नाही, पाटलाचा मानूस म्हून मधात घुसत नाही. नंबर कोनाजवळच नाही, पन ज्याले त्याले माहीत, माह्या अगोदर कोन. मले तर चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आत एक म्हातारा डाक्टर, भिवया अशा दाट का त्यात चिमनीनं घर करावं. त्यानं माही बोटं पाह्यली, फुंकर मारून पाह्यली, मलम देल्लं, मोजे घाला म्हने. संपलं. मी दारात उभी राह्यली, कोनी काही मागते का म्हून. कोनीच काही मागतलं नाही. फुकट! माह्यासारख्या भाजीवालीले, ना त्यायच्या जातीची, ना गोताची, फुकट!

मंग काय, फुशारकीत मी घरी पत्र टाकलं. चार पानं. इथं औषध फुकट, डाक्टर फुकट, चश्मा फुकट, दात सुद्धा फुकट.

तिथंच चुकली.

महिनाभरानं उत्तर आलं. पत्र लिहिलं गुलाबराव मास्तरानं, गावातलं सगळं लिहिनं त्याच्याचकडं आहे. "गंगाभागीरथी तुळसाबाई यांस गुलाबराव मास्तराचा रामराम. विशेष. तुमच्या सासूबाईंचे गुडघे वळत नाहीत व डोळ्यांनी समोरचा माणूस बैलासारखा दिसतो, बैल तर दिसतच नाही. तरी औषध पाठविणे. खुद्द मला मूळव्याधीचा त्रास असून सदर पत्र उभ्याने लिहिले आहे. तरी औषध पाठविणे. अंजनाचा खोकला वाढला असून पदरावर रक्त दिसते. तरी औषध पाठविणे. बाकी सर्व खुशाल."

बाकी सर्व खुशाल!

मी सैपाकघरात कांदे चिरत होती. पत्र दोनदा वाचलं, तिनदा वाचलं. पदरावर रक्त. मले कळेचना हे कुठून आलं. माह्या नकलेत रक्त नव्हतं हो. सगळं होतं, कमरेवर हात होता, वाकडी मान होती, पन रक्त काही मी कवा केलं नव्हतं... ललिताबाई आली, म्हने, "काय झालं?" मी म्हटलं, "कांदा."

आता तुमी म्हनसान, ललिताबाईले सांगाचं ना सरळ! पन मले सांगाची गरजच नाही वाटली, कारन औषध कसं आनतात हे का मले माहीत नव्हतं? आपल्याकडं दवाखान्यात जाते कोन? ज्याले बरं आहे तो! बिमार मानूस बाजेवर, अन् जो धडधाकट, ज्याले तीन कोस चालता येते, तो बाटली घेऊन दवाखान्यात. कंपौंडर इचारते, "कोनाले?" "बाईले." "काय होते?" "खोकला." दे लाल पानी, बाटलीले डोसाच्या कागदी खाचा चिटकवल्या का झालं. एकाच फेरीत कोनी तर चार घरची औषधं आनते. बाईले दवाखान्यात न्यायचं म्हंजे काय, मानसं पाहात नाहीत का? नळी लावते ना डाक्टर छातीले! तर मी म्हटलं, इथंबी तसंच असन. पन मंग वाटलं, डाक्टरनं म्हटलं, दुसऱ्याच्या दुखन्याचं औषध नाही देत, तर? त्याहून सगळं आपलंच आहे म्हनाचं. दुखनं तर खरंच होतं बापा... फक्त माहं नव्हतं!

सहा शब्द शिकली मी इंग्रजी. दूधवाल्यापासून. "पेन. हिअर. नो सी. नो सिट. कफ. ब्लड." आठ दिवस भांडे घासता घासता घोकले. अन् ललिताबाई पोरीयले घेऊन फिराले गेली तशी एकटी उठली, गेली, बाकावर बसली.

नंबर आला. आत गेली. पयले सासूचे गुडघे. "पेन, हिअर." डाक्टरनं लाकडाची हातोडी घेऊन गुडघ्यावर टकटक केलं, तर माहा पाय उडाला घोड्यावानी, टेबलाले लागला! डाक्टरनं लिहिलं. मंग सासूचे डोळे. भिंतीवर अक्षराचा कागद, वरचं अक्षर तर पायलीएवढं. "नो सी." खालचं? "नो सी." एवढं मोठं? "नो सी!" डाक्टरची टाचनी खाली पडली. मी उचलून देल्ली. आपली सवय! डाक्टरनं टाचनीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, लिहिलं. मंग मास्तरचा मूळव्याध. "नो सिट," म्हनून मी उठून उभी राह्यली, तोंड असं आंबट केलं... अन् बाहेर बाकावर घंटाभर कोन बसेल होतं? मीच ना! डाक्टरच्या भिवया वर गेल्या, त्यातली चिमनी उडाली असन, पन मानसानं लिहिलं.

मंग अंजना.

"कफ," म्हटलं मी. तो म्हने, दाखव. अन् मी दाखवला. अहो, तीन सालं मुरेल नक्कल होती ती! हात कमरेवर, मान वाकडी, खुक्, खुक्... मंग लंबा, बुडापासून... अन् पदर तोंडाले. एक नंबर झाली. ओट्यावर तशी कवा झाली नव्हती. सवयीनं मी वर पाह्यलं, आता हसन म्हून.

तो हसला नाही.

पेन खाली ठेवली. खुर्चीतून उठला. म्हातारा मानूस, हळू उठला. माह्या जवळ येऊन वाकला अन् लय हळू इचारलं, "ब्लड?" मी म्हटलं, "येस. ब्लड." अन् त्याच्या तोंडावर जे आलं ना, ते मी माह्या माय-बापाच्या तोंडावर सुद्धा माह्यासाठी पाह्यलं नव्हतं. मले तवाच उठून पळाले पाह्यजे होतं. पन म्हटलं, औषध घेऊनच जाऊ...

औषध कुठलं! दुपारी दारात मोटार! पांढरी, आडवी निजवून नेतात ते. मी म्हनते, "नो, नो, बॉटल! बॉटल दे!" कोन आयकते? नेलं ना मले उचलून. मोठा दवाखाना, लंबी खोली, वीस खाटा, पांढऱ्या चादरी अन् भर हिवाळ्यात सगळ्या खिडक्या सताड उघड्या! का तर या बिमारीले हवा पाह्यजे. मी सहा कांबळ्यात गुंडाळेल, नुसतं नाक बाहेर. छातीच्या आतला फोटो काढला. रोज सकाळी नर्स येऊन वाटी समोर धरे, "थुंक." कुठून थुंकू? घसा खरवडून खरवडून थेंबभर निघे, ते तो थेंब असा झाकून नेई का जसा देवाचा परसाद. दूध. लोनी. अन् रोज एक अंडं! ललिताबाईच्या पोरीयले हप्त्याले एक, अन् मले रोज! मी एकदा डाक्टरले इचारून पाह्यलं, "सुई... बॉक्स... होम?" म्हंजे सुईचं औषध डब्यात घालून द्या, मी नेते. तो मान हलवून चालला गेला. अन् मी खोकलतच राह्यली. कारन थांबली तर औषध भेटनार नाही. सकाळ-संध्याकाळ खोकलो, हजेरी लावल्यावानी. दुखनं खरं होतं ना बापा, फक्त माहं नव्हतं!

बाजूच्या खाटेवर एक पोरगी होती. एलसी. बिस्किटाच्या कारखान्यात कामाले. माह्याकडं पाहून अंगठा दाखवे, म्हंजे हिमत धर. मलेच धीर देई! दुसऱ्या दिवशी जेवन आलं, तिनं दोन घास खाल्ले अन् खोकलली. खुक्, खुक्... मंग लंबा... अन् रुमाल तोंडाले.

मी चमचा ठेवून तिच्याकडं वळली.

तोच! मायवं, तोच खोकला! गोरी पोरगी, भुरे केस, ना तिनं इंझोरी पाह्यली ना अंजनाले, अन् खोकला तोच, मान तशीच वाकडी. मंग तिनं ताट लोटून देल्लं. तवा मले आठवलं का अंजनाबी ताट लोटे. अन् मी काय म्हनो? "घरचं गोड लागत नाही महारानीले!" त्या एलसीले डाक्टरचा हुकूम काय, तर उठाचं नाही. पान्याचा तांब्या सुद्धा उचलाचा नाही. तिचे केस नर्स विंचरे. सहा महिने नुसतं पडून राहाचं, हेच औषध! अन् मी... मी त्याच खोकल्याले विहिरीवरून पानी ओढाले लावलं, सकाळचे वीस हांडे. अन् तो अकराव्या हांड्याले आला तर म्हटलं, हुशार आहे, काम पाहून येते.

त्या दिवशीचं अंडं मी तसंच परत धाडलं.

अकराव्या दिवशी दारात एक बाई आली, गठुडं घेऊन, तिच्या आंगात उभं राहाचं त्रान नव्हतं. नर्सनं खोलीभर पाह्यलं, वीस खाटा, वीस डोके. तिले बाहेर बाकावर बसवलं. ते बसूनच राह्यली. कारन एका खाटेवर एक धडधाकट माळीन अंडं खाऊन राह्यलती! तेवढ्यात ललिताबाई आली भेटाले. रुमाल तोंडाले, डोळे सुजेल. दुरूनच म्हने, "तुळसाबाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मुलींना पण तपासलं हो, दोघींच्या छातीचे फोटो काढले, सुया टोचल्या... त्यांना काही झालं असेल तर मी काय करू?" अन् रडाले लागली. पोरीयले टोचलं! त्या लोन्याच्या गोळ्यायले, माह्या खोट्यापायी!

मी कांबळे फेकले, उठून बसली. म्हटलं, "ललिताबाई, रडू नका. खोकला माहा नाही."

"म्हणजे?"

"अंजनाचा आहे. माह्या जावेचा."

"आणि गुडघे?"

"सासूचे."

"आणि ते... बसता येत नाही, ते?"

"गुलाबराव मास्तर."

ललिताबाई खाटेजवळ आली. मंग हसली, मंग रडली, मंग दोन्ही एकाच वक्ती केलं. मी म्हटलं, "दुखनं खरं आहे बाई, फक्त माहं नाही!" ते म्हने, "हे मी इंग्रजीत कसं सांगू?"

पन सांगतलं. भिवयावाला म्हातारा मले पाहाले आला तवा सगळं सांगतलं. मले वाटलं, आता पोलीस. तो खाटेच्या कोपऱ्यावर बसला, मास्तरचं पत्र मी जवळच ठेवलं होतं ते हातात घेतलं, मराठी त्याले काय कळे, पन पाहात राह्यला. मंग ललिताबाईले इचारलं, अन् तिनं मले. "डॉक्टर विचारतायत, हा खोकला ज्या बाईचा आहे, तिच्या छातीला कुणी नळी लावली का?"

"नाही."

"का नाही?"

मी म्हटलं, गाव दूर आहे. म्हटलं, पावसात गाडी चालत नाही. म्हटलं, मानसं पाहातात. ललिताबाई एकेक सांगत गेली, तो मान हलवत गेला. खरंच होतं सगळं. पन तो जाईचना. बसूनच! मंग मी म्हटलं, "कारन मी साऱ्यायले सांगतलं का ते नाटक करते."

ललिताबाईनं हे सांगाले लय वेळ लावला.

त्यानं खाटेले लटकेल माह्या बिमारीचा कागद घेतला, खिशातून पेन काढली, गावाचं नाव तिनदा इचारलं, अन् एक ओळ लिहिली. मंग ललिताबाईनं वाचून दाखवली. "रोगी इंझोरीत आहे." बस, एवढंच. अन् म्हने, गुडघ्याचं तेल अन् मास्तरचं मलम देतो, पन छातीचं औषध बाटलीत जात नाही, छातीले औषधापाशी जा लागते. अन् जाता जाता म्हने, "खोकला चांगला करता, पण पुन्हा करू नका." माही खाट त्या बाकावरच्या बाईले देल्ली. मी चादर आपल्या हातानं बदलून देल्ली तिची.

ललिताबाईनं मले मुदतीच्या आधी परत धाडलं. रागानं नाही, डाक्टरची चिठ्ठी घेऊन जाय म्हून. बोटीत अठरा दिवस. मी रोज मनात बोलो, अंजनाले काय म्हनाचं. लय चांगलं चांगलं बोलो. घरी पोचली तर ते गोठ्याच्या बाजूले बाजेवर, तिची थाळी अलग, तांब्या अलग, अन् आंगावर नुसते डोळे. मी सगळं इसरली. म्हटलं, "उठ, डाक्टरपाशी चाल."

ते म्हने, "कायले जाऊबाई? नाटकाले डाक्टर लागते का?"

...पानी द्या बरं उलीसं.

हं. तर रंगराव म्हने, "वयनी, चिठ्ठी आहे ना साहेबाची? मंग मी जातो चिठ्ठी घेऊन, बाटली आनतो. तिले कायले हलवता?" सासू म्हने, "हाव, बाईमानसाले कुठं नेतं?" मास्तर म्हने, "मी सोबत अर्ज लिहून देतो." पुन्हा तेच! मी असी वरडली का पाटलाच्या वाड्यातले कबुतरं उडाले. "अरे बैलाहो, चिठ्ठी खोकलते का? अर्जाले रक्त पडते का? रोगी घ्या, रोगी! गाडी जुप रंगराव, नाही तर मी जुपते, बैलाच्या जागी तुले!" गादी टाकली, अंजनाले निजवली, कारंज्याले नेली. तिथल्या डाक्टरनं छातीले नळी लावली, पयल्यांदाच लागली ते नळी त्या पोरीले, अन् म्हने, "नागपूरले न्या, आजच."

नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यातबी फुकट होतं, खोटं कायले बोलू. पन खाट नव्हती. डाक्टर दोन अन् लोक वऱ्हाडभरचे, ओसरीत, अंगनात, निंबाखाली. त्या डाक्टरायचा दोष नाही, ते सकाळपासून उभेच असत, चहा बी उभ्यानंच पीत. बावीस दिवस आमी धर्मशाळेत राह्यलो, रोज मी अंजनाले पाठीवर घेऊन नेओ, रोज लाइनीत. अन् बावीस दिवस माह्या डोक्यात एकच घुमे... लंडनात मले सहा शब्दात खाट भेटली होती. त्याच दिवशी दुपारी. खोट्या खोकल्याले! अन् इथं खरा खोकला, खरं रक्त, दुखनं बी खरं अन् आंग बी त्याचंच, अन् पोरगी निंबाखाली. याचा हिसाब मी कोनापाशी मागू? तेविसाव्या दिवशी खाट भेटली. कोनी बरं होऊन गेलं, का तसंच गेलं, मी इचारलं नाही. रोज सुई, कडू पुड्या, आठ महिने. मी तिचे केस विंचरो. नर्स म्हने, "माय आहे का तुमी तिची?" अंजना म्हने, "नाही, जाऊ." मी म्हनो, काही म्हनू नको वं, खोकला येईन.

वाचली! वाचली बाप्पा, वाचली. घरी आनली. डाक्टरनं कागद देल्ला, मोठ्या अक्षरात: एक साल आराम. वजन नाही, धूर नाही, वावर नाही. दूध, अंडं, हिरवी भाजी. रंगरावनं तो भिताडाले चिटकवला, आरतीच्या बाजूले. ते साल सरून चार महिने झाले. चार महिने! तोंड पाहा तिचं, टरबुजावानी झालं. खोकला तर औषधाले नाही! वांगे मी तोडते, पानी मी ओढते, भाकरी मी थापते, बाजारात मी जाते, अन् ते बाजेवर उशीले टेकून मले सांगते, "जाऊबाई, मेथी जून निघाली यंदा." मी एक अक्षर बोलत नाही. बोलाची सोयच नाही राह्यली मले. कागद दाखवला तर चार महिने होऊन गेले हे तिलेबी वाचता येते, मलेबी येते, पन वाचाचं कोनी?

काल दुपारी, बाजेवर पडल्या पडल्या, गोड आवाजात म्हनते, "जाऊबाई, पाय दाबता का उलीसे? लय दुखून राह्यले." पाय! आता तुमीच सांगा, रोग होता छातीत, फोटो काढला छातीचा, सुया टोचल्या त्या छातीसाठी... छातीचा अन् पायाचा काय संबंध? अन् दुखाले ते पाय चालले कवा? बाजेवरून ओट्यावर, ओट्यावरून बाजेवर! माह्या तोंडात आलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर, देवाशप्पथ...

मी हात पुसले, बाजेच्या कडेले बसली अन् म्हटलं, "कोनता आधी दाबू, डावा का उजवा?"